परीलोकाची विदुषी आणि प्रेमाची अडचण

चिकित्सक : हेदर फॉसेट या कॅनडातल्या लेखिकेची ‘एमिली वाइल्ड्स एन्सायक्लोपीडिया ऑफ फेअरीज’ ही कादंबरी २०२३ साली आली. तिचं कथासूत्र ऐकूनच मी ती वाचायला घेतली होती. साल १९०९. केंब्रिजमधली एक विदुषी, एमिली वाइल्ड, परीलोकाचा पहिला सर्वंकष कोश लिहिते आहे. त्यातलं राहिलेलं काम पुरं करायला ती उत्तरेकडच्या ल्योसलँड या काल्पनिक देशात, ह्राफ्न्सविक नावाच्या खेड्यात, ऐन थंडीत मुक्काम ठोकते. सोबतीला शॅडो नावाचा कुत्रा. मागोमाग येऊन थडकतो तिचा सहकारी आणि प्रतिस्पर्धी वेन्डेल बॅम्बल्बी. हा देखणा, आळशी आणि संशोधनात बनवाबनवी करतो अशी ज्याच्याबद्दल कुजबुज आहे असा. हा माणूस नसून परीलोकातलाच आहे, असा एमिलीचा जुना संशय आहे, आणि तो खरा ठरतो. आयर्लंडकडच्या एका परीराज्यातून हद्दपार झालेला तो राजा आहे. म्हणजे अभ्यासक आणि तिचा अभ्यासविषय एकाच छपराखाली! ज्याचा आपण आयुष्यभर अभ्यास केला तेच समोर बसून आपल्याकडे बघायला लागलं, तर अभ्यासकाचं काय होतं? हा प्रश्न कादंबरी पहिल्या काही प्रकरणांत उभा करते आणि मग त्याच्याकडे पाठ फिरवते. शेवटी हाती राहते ती एका तुसड्या बाईची आणि एका लाघवी राजाची प्रेमकथा. वाचून माझा वेळ वाया गेला असं मी म्हणणार नाही. पण माझी निराशा झाली, आणि ती निराशा मला महत्त्वाची वाटते.

रसिक : तुमच्या निराशेत प्रेमकथेबद्दलची एक जुनी अढी मला दिसते. प्रेमाची गोष्ट आली की विचार संपला, असं आपल्याकडचे जाणते वाचकही सहज धरून चालतात. मी या पुस्तकाकडे ते जे आहे तिथून बघतो. सगळी कथा एमिलीच्या रोजनिशीतून येते, तळटीपांसकट. माणसांत वावरताना अवघडणारी, पण परीलोकाचे नियम तोंडपाठ असलेली ही बाई काय लिहिते आणि काय लिहायचं टाळते, यातून ती उलगडत जाते. गावात पाऊल टाकल्या टाकल्या ती तिथल्या मुख्य बाईचा रोष ओढवून घेते, कारण माणसांचे रीतिरिवाज तिला कळत नाहीत. तिकडे रानातल्या झऱ्यापाशी राहणाऱ्या पो या छोट्याशा जिवाशी मात्र ती नेमकी, सावध देवाणघेवाण करते. काय द्यायचं, काय मागायचं, आभार कसे मानायचे, हे तिला बरोबर ठाऊक आहे. अभ्यासकांबद्दलचं हे फार मार्मिक निरीक्षण आहे. दूरच्याचं ज्ञान आणि जवळच्याचं अज्ञान एकाच माणसात सुखानं नांदतं. अशा बाईला कुणीतरी आवडणं ही ज्ञानाचीच पुढची परीक्षा आहे. तुम्ही तिला पळवाट का म्हणता?

चिकित्सक : प्रेमाला माझा विरोध नाही. माझी तक्रार अशी की इथे विद्वत्ता ही वेशभूषा झाली आहे. त्या दशकात खरोखर काय घडत होतं ते बघा. वॉल्टर इव्हान्स-वेंट्झ नावाचा अमेरिकन तरुण आयर्लंड, स्कॉटलंड, आइल ऑफ मॅन, वेल्स, कॉर्नवॉल आणि ब्रिटनी असा हिंडला. शेतकऱ्यांकडून, कोळ्यांकडून, म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून त्यानं परीलोकाबद्दलच्या साक्षी गोळा केल्या. त्याचा ‘द फेअरी फेथ इन केल्टिक कंट्रीज’ हा ग्रंथ १९११ साली ऑक्सफर्डहून निघाला. त्यात त्यानं, असे अदृश्य जीव खरोखर असू शकतात, असं गंभीरपणे मांडलं. विद्यापीठाच्या भाषेत विश्वासाचा बचाव करताना त्याची जी ओढाताण झाली ती पानापानांवर जाणवते. आणि १९०९चं केंब्रिज? १८९७मध्ये बायकांना पदवी द्यावी की नाही यावर तिथे मतदान झालं, तेव्हा सिनेट हाउससमोर सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा टांगला गेला आणि प्रस्ताव मोठ्या फरकानं फेटाळला गेला. बायकांना पूर्ण पदवी मिळायला १९४८ उजाडलं. त्याच काळात जेन हॅरिसन न्यूनहॅम कॉलेजात बसून ग्रीक देवतांच्या मुळाशी असलेल्या विधींचा, भुताखेतांचा, भीतीचा अभ्यास करत होत्या. त्यांची शिष्या आणि सहचरी होप मर्लीस हिनं पुढे १९२६ साली ‘लड-इन-द-मिस्ट’ ही कादंबरी लिहिली. सुरक्षित, व्यापारी गावात चोरट्या वाटेनं येणारी परीलोकाची फळं आणि ती खाऊन बदलून जाणारी माणसं, असा तिचा विषय. केंब्रिजची विदुषी आणि परीलोक यांची खरी गाठ इतिहासात पडलेली आहे. फॉसेटच्या पुस्तकात त्या ताणाचा मागमूस नाही. एमिली पॅरिसच्या परिषदेत निबंध वाचायची काळजी करते, आणि विद्वत्ता म्हणजे एवढंच.

रसिक : इतिहासाची ही फूटपट्टी मला इथे चुकीची वाटते. ज्या जगात परीलोक खरा आहे आणि विद्यापीठात त्याची स्वतंत्र शाखा आहे, त्या जगाचं केंब्रिजही वेगळं असणार. लेखिकेनं पदवीचा लढा बाजूला ठेवला, कारण तिला आपल्या नायिकेला दुसरी अडचण द्यायची होती. बाईनं विद्वान असावं आणि त्याबद्दल तिला कुणाला उत्तर द्यायला लागू नये, या कल्पनेचं वाचकाला जे सुख मिळतं ते फुकटचं नाही. शतकभर कथेतल्या विदुषीला आधी आपला हक्क सिद्ध करावा लागला आणि तेवढ्यातच तिची पानं संपली. एमिलीला थेट कामाला लागता येतं. ती हट्टी आहे, स्वार्थी आहे, कोशासाठी धोका पत्करते, दुसऱ्यांनाही त्यात ओढते. पुरुष संशोधकाला हे गुण साहित्यानं कधीचेच देऊन टाकले आहेत.

चिकित्सक : तो मुद्दा मला मान्य आहे, आणि त्यामुळेच माझी अपेक्षा वाढते. ती जर इतकी हट्टी आणि स्वार्थी संशोधक आहे, तर त्या स्वार्थाची किंमत कोण मोजतं? लोककथा गोळा करणाऱ्याचा सगळा व्यवसाय दुसऱ्याच्या तोंडच्या शब्दांवर चालतो. आपल्या मुलखातलंच उदाहरण घ्या. मेरी फ्रिअर ही मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी. वडिलांबरोबर दख्खनच्या दौऱ्यावर असताना तिनं आपल्या आयाकडून, अ‍ॅना लिबराता डिसूझाकडून, गोष्टी ऐकल्या आणि १८६८ साली लंडनमध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ छापलं. त्या पुस्तकाचं मोठेपण असं की गोष्टींच्या आधी अ‍ॅनाची स्वतःची कहाणी येते. गोष्टी सांगणारी आजी, वैधव्य, चाकरी, नदीत बुडालेला मुलगा. साहेबाच्या मुलीनं इंग्रजीत उतरवलेली असली तरी ती कहाणी वाचल्यावर पुढची प्रत्येक गोष्ट वेगळी ऐकू येते, कारण ती कुणाच्या आयुष्यातून आली ते आपल्याला कळलेलं असतं. ह्राफ्न्सविकच्या गावकऱ्यांना असा स्वतःचा आवाज कधी मिळतो? ते आधी रुसतात, मग एमिलीनं परीलोकात ओढल्या गेलेल्या दोन तरुणींना परत आणल्यावर तिच्यावर माया करतात, खाऊपिऊ घालतात. गाव उबदार होतं आणि तिथेच सपाट होतं. आपल्या दुःखाचं या बाईनं प्रकरण केलं, हे त्यातल्या एकालाही खुपत नाही.

रसिक : रोजनिशीची ही मर्यादा आहे आणि ती मुद्दाम निवडलेली आहे. एमिलीला जे ऐकू येत नाही ते वाचकालाही ऐकू येणार नाही. पण बदली मुलाचा प्रसंग आठवा. एका घरातलं खरं मूल परीलोकानं नेलं आहे आणि त्या जागी दुसरंच काही ठेवलं आहे. ते आईबापांना भयंकर दृश्यं दाखवून छळतं. तिथे कादंबरी उबदार राहत नाही. एमिलीची कोरडी चौकस बुद्धी त्या घरात शिरते तेव्हा आपल्याला तिचीही भीती वाटते. तिथे तुमचा प्रश्न उभा राहिलेला आहे.

चिकित्सक : उभा राहतो, पण सोपा होऊन. बदली मुलाच्या समजुतीचा खरा इतिहास आठवा. १८९५ साली आयर्लंडमध्ये टिपरेरी परगण्यातल्या बॅलीव्हॅडलीत ब्रिजेट क्लिअरी ही सव्वीस वर्षांची बाई आजारी पडली. नवरा मायकल याची खात्री झाली की ही आपली बायको नव्हेच. खरी बायको परीलोकानं नेली आणि तिच्यासारखं दिसणारं काहीतरी घरात ठेवलं. नातेवाईकांच्या देखत तिच्यावर उपचार म्हणून अत्याचार झाले आणि शेवटी ती जाळली गेली. मायकलला सदोष मनुष्यवधासाठी वीस वर्षांची शिक्षा झाली. एमिली ह्राफ्न्सविकला पोचते त्याच्या चौदाच वर्षं आधीची ही घटना. या समजुतीचा सगळा भयंकरपणा तिच्या अनिश्चिततेत आहे. समोरचा माणूस माणूस आहे की नाही, हे ठरवणाऱ्याच्या हातात निखारे असतात. कादंबरीत मूल खरोखरच परीलोकातलं आहे. शंका संपली, आणि शंकेबरोबर नैतिक जबाबदारीही संपली. मग उरतो तो एक प्रश्न, आणि तज्ज्ञ बाई तो सोडवते.

रसिक : इथे मी तुमच्याशी ठामपणे असहमत आहे. समजूत खरी मानली की जबाबदारी संपत नाही, ती दुसरीकडे सरकते. वास्तवात प्रश्न असा की हे माणसाचं मूल आहे का. अद्भुत कथेत प्रश्न असा होतो की हे माणसाचं नसलं, तरी ते कुणाचंतरी मूल आहेच ना? ते मूलही आपल्या घरापासून तोडून परक्या उबेत ठेवलेलं आहे. त्याच्याशी निर्दयपणे वागायचा हक्क कुणाला आहे? मायकल क्लिअरीची समजूत अगदी खरी असती तरीही त्यानं जे केलं ते घोरच ठरलं असतं, हे म्हणायला अद्भुत कथाच लागते. वास्तववादी कथेला तिथे पोचता येत नाही, कारण ती ‘समजूत खोटी होती’ एवढ्यावर थांबते. फॉसेटनं हा धागा शेवटपर्यंत ओढला का, यावर आपण वाद घालू. पण तो धागा अद्भुताला खरं मानण्यातूनच निघतो.

चिकित्सक : हे तुम्ही फार चांगलं मांडलंत, आणि माझी निराशा त्यामुळे अधिक नेमकी होते. परक्याला परकं मानूनही त्याचा मान राखायचा, हे जर या कथाप्रकाराचं बळ असेल, तर वेन्डेलचं काय? तो परका उरतच नाही. सुझॅना क्लार्कच्या २००४मधल्या ‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’मध्येही विद्वान आहेत, तळटीपा आहेत, परीलोकाचा राजा आहे. तो राजा एका तरुणीला रात्र रात्र आपल्या महालात नाचवतो आणि मनापासून समजतो की आपण तिच्यावर मेहेरबानी करतो आहोत. तिला यातना होत असतील हे त्याच्या डोक्यात शिरूच शकत नाही. त्याचं मन आपल्या मनासारखं चालत नाही, आणि ते पाहून अंगावर काटा येतो. वेन्डेलचं मन अगदी आपल्यासारखं चालतं. तो नटतो, कुरकुरतो, रुसतो, फ्लर्ट करतो, पसारा आवरतो, एमिलीचे कपडे शिवून देतो. डायना विन जोन्सच्या कादंबरीतल्या हाउल या जादूगाराचा धाकटा भाऊ शोभावा असा आहे तो. त्याचं राजेपण म्हणजे अडचणीत धावून येणारी ताकद. शतकानुशतकं माणसांनी ज्याला घाबरून दारावर लोखंड टांगलं, तो परीलोक इथे आवडता जोडीदार होऊन बसतो.

रसिक : शिवणकामाला तुम्ही फार हलकं लेखता. अमानवी ताकदीचा राजा हातात सुईदोरा धरतो आणि ते काम प्रेमानं करतो, यात परीलोकाची जुनी परंपरा आहे. रात्री येऊन घरकाम उरकून जाणारे जीव ब्रिटिश बेटांच्या लोककथांत जागोजागी आहेत. लेखिकेनं राजा आणि घरगडी या दोन टोकांना एका देहात आणलं. शिवाय प्रेमकथा परीलोकावर बाहेरून चिकटवलेली नाही. स्कॉटलंडचं टॅम लिनचं कवन घ्या. हार्वर्डच्या फ्रान्सिस चाइल्डनं जमवलेल्या ३०५ कवनांत ते ३९व्या क्रमांकावर आहे. सेल्कर्कजवळच्या कार्टरहॉच्या रानात जॅनेट नावाची मुलगी परीराणीच्या ताब्यातल्या तरुणावर प्रेम करते आणि त्याला सोडवते. कोश लिहिणाऱ्या विद्वानांच्या कितीतरी आधी प्रेमिकेनंच परीलोकाशी झुंज दिलेली आहे.

चिकित्सक : पण ती झुंज कशी आहे ते सांगा! जॅनेटनं टॅम लिनला घट्ट धरून ठेवायचं असतं, आणि तिच्या मिठीत तो साप होतो, हिंस्र जनावर होतो, तापलेलं लोखंड होतो. प्रत्येक वेळी ज्याच्यावर प्रेम केलं तो नाहीसा होऊन भलतंच काही हातात येतं, आणि तरी सोडायचं नाही. मला फॉसेटकडून हेच हवं होतं. एमिलीनं वेन्डेलला धरावं आणि तिच्या हातात असं काही यावं, की तिच्या कोशात त्याला जागा नसेल आणि मनातही नसेल. तसं होत नाही. ती झाडात कोंडलेल्या दुसऱ्याच एका परीराजाला सोडवते आणि त्याच्या बर्फाच्या दरबारात त्याची वाग्दत्त वधू होऊन अडकते, तिथे मात्र थोडा वेळ खरी थंडी जाणवते. तो राजा तिच्यावर मेहेरबान आहे आणि तिला काय हवं याची त्याला कल्पनाच नाही. पण लेखिकेनं परकेपणा सगळा त्या राजाला दिला आणि जवळीक सगळी वेन्डेलला. एक भीतीसाठी, दुसरा प्रेमासाठी. दोन्ही एकाच व्यक्तीत असते, तर ही कादंबरी विसरता आली नसती.

रसिक : राजे दोन आहेत, पण त्यांची जात एक आहे, हे एमिलीला पक्कं ठाऊक आहे. एका ठिकाणी वेन्डेल स्वतः तिच्या रोजनिशीत लिहितो, तो भाग तुम्ही वगळलात. वैज्ञानिक वहीत अभ्यासविषयाचं हस्ताक्षर! अभ्यासविषय समोरून बघायला लागला तर काय, असं तुम्ही सुरुवातीला विचारलंत. इथे तो बघतो आणि लिहूनही ठेवतो. एमिली स्वतःबद्दल जे कधी लिहिणार नाही ते त्याला दिसतं.

चिकित्सक : त्या पानांवर मी खूप आशेनं थांबले होते. तिथे भाषा मोडायला हवी होती. काळाचा, देहाचा, मरणाचा हिशेब न कळणाऱ्या जिवानं माणसाच्या वहीत लिहिलं तर ते कसं असेल? त्याऐवजी एका प्रेमळ, वैतागलेल्या सद्गृहस्थाचा मजकूर वाचायला मिळतो. त्याला एमिली दिसते हे खरं, पण ती आपल्याला आधीच दिसलेली असते.

रसिक : तुमच्या या मागणीत मला एक गृहीतक दिसतं. अथांग, अनाकलनीय, भयंकर म्हणजे खोल, आणि ओळखीचं, गमतीचं, रोजचं म्हणजे उथळ. पण प्रेमात सर्वांत अवघड गोष्ट कोणती? परका माणूस रोज सकाळी तोच वाटणं, त्याच्या सवयींचा राग येणं, त्याच्यासाठी थांबणं. वेन्डेलचं ओळखीचं असणं हीच एमिलीची पेचाची जागा आहे. राक्षसाला नकार देणं सोपं असतं. जो चहा गार झाला म्हणून कुरकुरतो आणि तरीही माणूस नाही, त्याला काय उत्तर द्यायचं? तो लग्नाची मागणी घालतो, आणि पहिला भाग संपतो तरी एमिलीचं उत्तर आलेलं नसतं. परीलोकाशी लग्न केलेल्या माणसांच्या गोष्टी कशा संपतात, हे या जगात तिच्याइतकं कुणाला माहीत आहे? तिची सगळी विद्या त्या न दिलेल्या उत्तरात उतरलेली आहे.

चिकित्सक : हे मात्र मला पटतं, आणि पूर्ण पटतं. त्या न दिलेल्या उत्तरात विद्या आणि प्रेम एकमेकांसमोर येतात. तिला शेकडो कथा ठाऊक आहेत, आणि प्रत्येक कथा नाही म्हण असंच सांगते. मग ती तिथे का थांबली आहे? सगळं पुस्तक या एका जागेवरून लिहिलं असतं तर माझी तक्रार उरली नसती. पण हा पेच येतो उशिरा, आणि पुढचे भाग निघणार असल्यामुळे वाचकाला उत्तर आधीच माहीत असतं. २०२४ आणि २०२५ साली ते आलेही. ‘रोमँटसी’च्या, म्हणजे प्रेमकथा अधिक अद्भुतकथेच्या, बाजारात शेवट गोड होणार याची हमी मुखपृष्ठावरूनच मिळते. ज्या धोक्याचा शेवट ठरलेला आहे तो धोका एमिलीला असेल, वाचकाला नाही.

रसिक : आपल्या ओळखीच्या कितीतरी कथांचा शेवट ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतो, तरी त्या ऐकताना जीव वरखाली होतो. गोड शेवटाची हमी हा करार आहे, आणि करार पाळून काय साधलं हे बघायला हवं. हजारो वाचक दिवसभर थकून असं पुस्तक उघडतात. त्यांना एक विद्वान, अवघडलेली बाई प्रेमाला पात्र ठरताना दिसते. या समाधानाला तुम्ही साहित्याच्या हिशेबात काहीच जमा धरत नाही.

चिकित्सक : जमा धरते. पण एमिलीनं वेन्डेलला नकार द्यावा असं मला वाटतं, असं समजू नका. तिनं होकारच द्यावा. फक्त आपण कशाला होकार देतो आहोत हे तिला कळावं, आणि ते कळल्यावर जी भीती वाटते ती माझ्यापर्यंतही पोचावी. कोशकाराचं प्रेम म्हणजे आपल्या कोशात जे कधीच मावणार नाही ते जाणूनबुजून पत्करणं. ते न मावणारं या पुस्तकात मला दिसलं नाही.

रसिक : आणि मला वाटतं, भीती हाच खोलीचा एकमेव पुरावा मानला, तर ओळखीच्या झालेल्या कुठल्याही परक्याला आपण साहित्यात जागा देऊ शकणार नाही. परक्याला परकं ठेवूनच त्याचा मान राखता येतो असं तुम्ही म्हणता. त्याच्याशी संसार थाटूनही तो राखता येतो का, हे बघायला कुणीतरी तो थाटायला हवा. फॉसेटनं तो घाईनं थाटला असेल, पण प्रश्न घाईनं संपलेला नाही.

चिकित्सक : मग आपला वाद या पुस्तकापुरता राहत नाही. ज्याच्यावर प्रेम केलं त्याला आपण जाणतो की फक्त त्याची सवय करून घेतो, आणि या दोन्हींतला फरक कादंबरीनं दाखवावा की नाही, इथपर्यंत तो आला आहे. दाखवायलाच हवा, असं माझं म्हणणं.

रसिक : आणि तो फरक दोन माणसांनाही एकमेकांबद्दल कधी नीट सांगता येत नाही, मग परीलोकाच्या राजाकडूनच त्याची वसुली का, असं माझं. पुढचे दोन भाग तुम्ही याच एका प्रश्नासाठी वाचा. मी क्लार्क आणि मर्लीस पुन्हा वाचतो, तुमची थंडी कुठून येते ते शोधायला.